नाव हवे, पत्ता नको : स्नोडन लिलीची तीनशे वर्षे

ब्रिटनच्या पश्चिमेस असलेल्या वेल्स ह्या देशातील सर्वांत उंच डोंगर म्हणजे स्नोडन. उंची १,०८५ मीटर. वेल्श भाषेत त्याचे नाव ‘अर् विद्वा’. हा डोंगर आणि त्याच्या शेजारचे काही डोंगर ह्यांच्या उत्तरेकडे तोंड केलेल्या, नेहमी गारठलेल्या कड्यांवर मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये एक लहानसे पांढरे फूल उमलते. वीतभरही उंच नसलेली काडी, दोऱ्यासारखी बारीक पाने, सहा पाकळ्या आणि त्यांवर जांभळट तांबूस शिरा, एवढेच त्याचे रूप. संपूर्ण ब्रिटनमध्ये हे फूल दुसरीकडे कोठेही उगवत नाही, आणि जेथे उगवते त्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. इंग्रजीत त्याला ‘स्नोडन लिली’ म्हणतात.

साहित्याच्या अभ्यासकाने ह्या फुलाचा इतिहास का वाचावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर असे की ज्या माणसाने हे फूल प्रथम ओळखले, तो तौलनिक भाषाभ्यासाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होता. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. त्या माणसाने जमवलेले शब्द आणि त्याने शोधलेले फूल ह्या दोहोंच्या वाट्याला पुढे जे आले, त्यातून आपल्या व्यवसायाला भिडणारा एक प्रश्न उभा राहतो : एखादी गोष्ट जाणणे आणि ती जपणे ही एकच क्रिया आहे काय?

त्या माणसाचे नाव एडवर्ड ल्हुइड. जन्म १६६०. वेल्सच्या सीमेवरील एका जमीनदार घराण्यात तो विवाहबाह्य संबंधातून जन्मला. १६८२ मध्ये तो ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात दाखल झाला. परंतु पदवीपेक्षा त्याचे मन नव्यानेच उघडलेल्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात रमले. तेथे प्रथम साहाय्यक आणि १६९१ पासून प्रमुख म्हणून त्याने मरेपर्यंत काम केले. वनस्पती, जीवाश्म, शिलालेख, पोथ्या, बोली हे सारे त्याच्या दृष्टीने एकाच जिज्ञासेचे विषय होते. आज आपण ज्यांना वेगवेगळ्या विद्याशाखा म्हणतो, त्यांच्यातील भिंती त्या काळी उभ्या राहिलेल्या नव्हत्या.

स्नोडनच्या परिसरातील डोंगरांत ल्हुइड तरुणपणापासून हिंडत होता. १६८० च्या दशकात तेथील कड्यांवर त्याला एक कंदवर्गीय वनस्पती आढळली. ब्रिटनमधील कोणत्याही ग्रंथात तिची नोंद नव्हती. त्या काळचा सर्वश्रेष्ठ इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे ह्याच्याशी ल्हुइडचा पत्रव्यवहार होता. रे ह्याने १६९० साली ब्रिटिश वनस्पतींचा आपला प्रसिद्ध लॅटिन कोश प्रसिद्ध केला. वेल्सच्या डोंगरांतील अनेक वनस्पती त्यात ल्हुइडच्या नावानिशी आणि जागेच्या निर्देशासह आल्या. ती कंदवर्गीय वनस्पतीही पुढे ह्याच मार्गाने विद्वानांच्या परिचयाची झाली. लिनियसची दोन शब्दांची नामपद्धती अजून जन्माला यायची होती. त्यामुळे वनस्पतीचे नाव म्हणजे एक लहानसे वर्णनच असे : कंद असलेली, आल्प्सच्या जातकुळीची, लव्हाळ्यासारख्या पानांची, काडीच्या टोकाला एकच उभे फळ धरणारी. ह्या वर्णनातील लव्हाळ्याची उपमा वेल्श भाषेतही आहे. तेथे ह्या फुलाचे एक नाव ‘ब्रुइनदाइल अ मनिद’ असे आहे. त्याचा अर्थ ‘डोंगरावरची लव्हाळपाती’.

रे ह्याच्या ग्रंथातील जागांच्या निर्देशांकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. शास्त्राच्या दृष्टीने ते अत्यावश्यकच होते. अमुक वनस्पती अमुक ठिकाणी वाढते, हे विधान कोणालाही जाऊन पडताळता आले पाहिजे. नाहीतर ती नुसती ऐकीव गोष्ट ठरेल. ल्हुइडने वेल्श कड्यांची आणि दऱ्यांची नावे लॅटिन मजकुरात जशीच्या तशी नोंदवली. भाषेच्या अभ्यासकाला त्या नावांचे मोल मोठे आहे. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. फुलाला नाव मिळाले त्याच क्षणी त्याचा पत्ताही छापला गेला.

ल्हुइडचे पुढचे मोठे काम शब्दांचे. १६९६ मध्ये त्याने एक छापील प्रश्नावली तयार करून तिच्या चार हजार प्रती वेल्समधील गावोगावी पाठवल्या. गावातील जुने दगड, वाड्यांचे अवशेष, बोलीतील शब्द, म्हणी, वनस्पती, झरे अशा नाना गोष्टींविषयी तीत विचारणा होती. १६९७ पासून १७०१ पर्यंत तो साहाय्यकांसह वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, कॉर्नवॉल आणि ब्रिटनी येथे हिंडला. ब्रिटनीत हेर समजून त्याला तुरुंगातही टाकले गेले. ह्या भ्रमंतीचे फळ म्हणजे १७०७ साली निघालेला ‘आर्किओलॉजिया ब्रिटानिका’ ह्या ग्रंथाचा पहिला खंड. योजलेल्या खंडांपैकी तेवढाच निघू शकला. त्यात त्याने वेल्श, कॉर्निश, ब्रेटन आणि आयरिश ह्या भाषांचे शब्द शेजारी शेजारी मांडून त्यांतील ध्वनींच्या नियमित जोड्या दाखवल्या. वेल्शमध्ये चारला ‘पेद्वार’ म्हणतात, आयरिशमध्ये ‘क्याहिर’. एका भाषेत जेथे ‘प’ येतो तेथे दुसरीत ‘क’ येतो, आणि हे एखाद्याच शब्दात घडत नाही, वारंवार घडते. शब्दांचे असे अवयव सुटे करून पाहण्याची सवय ल्हुइडला वनस्पतींनी लावली असावी, असे मानण्यास जागा आहे. पाने, काडी, फळ ह्यांची तुलना करून नाते ठरवणारा माणूस शब्दांकडेही त्याच दृष्टीने पाहू लागला.

हा धागा पुढे भारतापर्यंत येतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स ह्यांनी जे भाषण केले, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्यांच्या नात्याबरोबर केल्टिक भाषांचाही उल्लेख होता. जोन्स ह्यांचे वडील वेल्समधील अँगलसी बेटावरचे. म्हणजे स्नोडनचे शिखर जेथून दिसते त्या मुलखातले. ‘पेद्वार’ आणि ‘क्याहिर’ ह्यांच्या पंक्तीला संस्कृत ‘चत्वारः’ आणि आपले ‘चार’ जाऊन बसले, ते ह्या परंपरेमुळे.

ल्हुइड १७०९ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, संग्रहालयातच मरण पावला. त्याच्या अंगावर कर्ज होते. त्याने जमवलेल्या पोथ्या आणि टिपणे फेडीसाठी विकली गेली आणि सीब्राइट घराण्याकडे पोहोचली. पुढे आयरिश हस्तलिखितांचा मोठा भाग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजला मिळाला. योगायोगाने तेही १७८६ सालीच. तो भाग वाचला. उरलेल्या कागदपत्रांचा १८०७ मध्ये लिलाव झाला. ती वेगवेगळ्या धनिकांच्या संग्रहांत विखुरली, आणि त्यांतील बराच भाग निरनिराळ्या आगींत जळून गेला. ज्या टिपणांची कोणी प्रत काढली नव्हती, ती कायमची गेली.

येथे शब्द आणि फूल ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पोथीची प्रत काढली तर मूळ पोथी उणी होत नाही. उलट जितक्या प्रती अधिक, तितकी ती टिकण्याची शक्यता अधिक. कॉर्निश भाषेचे उदाहरण पाहावे. ल्हुइड कॉर्नवॉलला गेला तेव्हा ती मोजक्या गावांत उरली होती, आणि अठरावे शतक संपता संपता तिचे बोलणारे संपले. तरीही विसाव्या शतकात तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न सुरू झाला तेव्हा ल्हुइडने छापलेले कॉर्निश व्याकरण आणि शब्द अभ्यासकांच्या हाताशी होते. छापील नोंदीने एका अबोल झालेल्या भाषेला निदान परतीचा रस्ता ठेवला. फुलाचे तसे नाही. कंदासकट उपटून कागदावर दाबलेला नमुना ही प्रत नसते. ती मूळ वस्तूच असते, आणि ती कड्यावरून कमी झालेली असते. दुर्मीळ फुलाचा प्रत्येक वाचक ते पान फाडून घरी नेऊ लागला, तर ग्रंथ किती दिवस टिकेल?

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत नेमके हेच घडले. रे ह्याचा ग्रंथ आणि त्यानंतरचे मार्गदर्शक हाती घेऊन वनस्पतिप्रेमी स्नोडनला येऊ लागले. प्रत्येकाला आपल्या संग्रहात ल्हुइडचे फूल हवे होते. ह्यात दुष्टावा नव्हता. ते फुलावर मनापासून प्रेम करणारे लोक होते, आणि अडचण तीच होती. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये नेच्यांचे वेड पसरले, तेव्हा ही हाव व्यापाराला जोडली गेली. स्नोडनच्या पायथ्याशी वाटाड्यांचा एक वर्गच तयार झाला. पाहुण्यांना दुर्मीळ वनस्पतींपर्यंत नेणे, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी त्या उपटून आणणे, हा त्यांचा धंदा. विल्यम विल्यम्स हा त्यांतला नामांकित. १८६१ च्या जून महिन्यात ‘क्लोग्विन अ गार्नेद’ ह्या कड्यावर एक दुर्मीळ नेचा काढताना तो कोसळून मेला. त्या गरीब माणसाला दोष देऊन आपण सुटू शकत नाही. कोणाच्या तरी दिवाणखान्यातील काचपेटीसाठी तो त्या कड्यावर चढला होता.

मग स्नोडन लिली वाचली कशी? पहिले उत्तर आहे, कड्यांच्या दुर्गमतेमुळे. जेथे माणसाचा हात पोहोचत नाही, मेंढ्या आणि रानशेळ्या पोहोचत नाहीत, अशा कपारींत तिचे कंद राहिले. तिची वाढ मुख्यतः कंदांपासून होते. पुष्कळ रोपांना दरवर्षी फूल येत नाही, आणि काही फुलांत केवळ पुंकेसरच असतात. म्हणजे फुलांच्या हंगामातसुद्धा ती पुष्कळशी गवतात गवत होऊन लपलेली असते. न उमलणे हेच तिचे संरक्षण ठरले.

दुसरे उत्तर माणसांचे आहे, आणि ते विसाव्या शतकात मिळू लागते. एव्हन रॉबर्ट्स हा केपल कीरिग गावचा खाणकामगार, जन्म १९०९. शालेय शिक्षण बेताचे. दगड फोडण्याच्या कामातून वेळ काढून त्याने डोंगरांतील वनस्पती स्वतःच शिकून घेतल्या. कोणत्या कपारीत काय आहे आणि ते मागील वर्षी किती होते, हे त्याला ठाऊक होते. कूम इद्वाल ही दरी १९५४ साली वेल्समधील पहिले राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाली आणि रॉबर्ट्स तिचा रक्षक झाला. १९५६ मध्ये वेल्स विद्यापीठाने त्याला सन्माननीय पदवी दिली. शंभर वर्षांपूर्वीचा वाटाड्या आणि हा रक्षक ह्यांचे ज्ञान जवळपास सारखेच होते. दोघांनाही जागा ठाऊक होत्या. विल्यम्सचे ज्ञान बाजाराने विकत घेतले आणि रॉबर्ट्सच्या ज्ञानाला समाजाने राखणदारीचे काम दिले, एवढाच काय तो फरक. पण फुलाच्या दृष्टीने तोच जन्ममृत्यूचा होता.

कायदा त्यामागून आला. १९७५ च्या ब्रिटिश कायद्याने एकवीस वन्य वनस्पतींना विशेष संरक्षण दिले. त्या लहानशा यादीत स्नोडन लिली होती. १९८१ च्या व्यापक वन्यजीव कायद्यातही तिचा समावेश झाला. तेव्हापासून तिचे फूल खुडणे, कंद उपटणे आणि ती विकणे हे गुन्हे आहेत. कूम इद्वालमध्ये १९९८ पासून मेंढ्यांची चराई बंद झाली. आणि वनस्पतींच्या नोंदीत एक नवा संकेत रूढ झाला : अतिदुर्मीळ जातींचे नेमके स्थान जाहीर नकाशांत द्यायचे नाही, केवळ ढोबळ चौकोन दाखवायचा. रे आणि ल्हुइड ह्यांच्या काळापासून चालत आलेली, प्रत्येक विधान पडताळता आले पाहिजे ही शास्त्राची अट येथे जाणूनबुजून सैल करण्यात आली. नाव सर्वांना सांगायचे, पत्ता मात्र थोड्यांनीच जपायचा. ज्ञान जितके खुले तितके चांगले, असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हा संकेत खटकतो. तो खटकावा हे योग्यच. पण त्यामागचे कारण समजून घ्यावे लागते. ज्याची प्रत निघत नाही अशा गोष्टीला ग्रंथालयाचे नियम लागू होत नाहीत.

अर्थात ह्या नियमालाही अपवाद आहे, आणि तो सांगितला नाही तर इतिहास एकांगी होईल. ह्याच डोंगरांतील गुलाबी सॅक्सिफ्रेज नावाची दुसरी एक वनस्पती १९६२ नंतर वेल्सच्या रानातून नाहीशी झाली. परंतु त्याच वर्षी तिचा डोंगरावरून वाहून आलेला एक तुकडा कोणीतरी उचलून बागेत जगवला होता. त्याच्याच वंशातील रोपे २०२४ साली पुन्हा एररीच्या डोंगरांत लावण्यात आली. म्हणजे उचलणे हेच पाप नव्हे. जिवंत ठेवण्यासाठी उचलणे आणि जवळ बाळगण्यासाठी उचलणे ह्यांत अंतर आहे.

स्नोडन लिलीपुढचा आजचा धोका मात्र ना संग्राहकांचा, ना मेंढ्यांचा. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८३१ मध्ये तरुण चार्ल्स डार्विन भूगर्भशास्त्रज्ञ सेजविकबरोबर कूम इद्वालमध्ये आला होता. दोघांनी तासन्‌तास खडक तपासले, पण एके काळी ती दरी हिमनदीने भरलेली होती ह्याच्या खुणा कोणालाच दिसल्या नाहीत. १८४२ मध्ये डार्विन परत आला तेव्हा त्याला त्याच खुणा सर्वत्र दिसल्या. मधल्या काळात हिमयुगाची कल्पना मांडली गेली होती. त्या कल्पनेतूनच स्नोडन लिलीचे कोडे उलगडते. हीच जात आल्प्समध्ये आहे, कार्पेथियन पर्वतांत आहे, उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतांत आहे, आणि आपल्या हिमालयातही आहे. हिमयुगात थंड प्रदेशातील वनस्पती सखल भागात दूरवर पसरल्या. हवा उबदार होऊ लागली तशा त्या उत्तरेकडे किंवा डोंगरांवर सरकल्या. वेल्समधील लिली ही त्या माघारीत मागे राहिलेली तुकडी. सुमारे दहा हजार वर्षे तिचा आपल्या दूरच्या भाऊबंदांशी संबंध नाही, आणि जनुकीय दृष्टीनेही ती वेगळी पडली आहे. हिमालयातील आपली लिली सुखरूप आहे म्हणून वेल्समधली गेली तरी चालेल, असे म्हणता येत नाही, ते ह्यामुळे. संस्कृत टिकली म्हणून कॉर्निश गेल्याचे दुःख कमी होत नाही.

आता हवा पुन्हा तापते आहे. पूर्वी अशा वेळी ह्या वनस्पती वर सरकत. पण ज्या डोंगराची उंची मुळातच १,०८५ मीटर आहे, त्यावर आणखी वर कोठे जाणार? खालून उबदार हवेतील जोमदार गवते कड्यांवर चढू लागली की त्या कपारीही अपुऱ्या पडतील. दुर्गमतेने संग्राहकांपासून वाचवले. तापमानाला मात्र कोणताही कडा दुर्गम नाही, आणि पत्ता लपवून त्याला चुकवता येत नाही.

ह्या कथेत एक उपकथानक नावाचे आहे, आणि शब्दांच्या अभ्यासकाला ते विशेष जिव्हारी लागेल. लिनियसने १७५३ मध्ये ह्या फुलाला दोन शब्दांचे नाव दिले. त्यातील ‘सेरोटिना’ ह्या विशेषणाचा अर्थ ‘उशिरा येणारी’. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॉल्झबरी ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्या प्रजातीला ल्हुइडच्या स्मरणार्थ ‘लॉयडिया’ हे नाव सुचवले, आणि ‘लॉयडिया सेरोटिना’ हे नाव दीर्घकाळ रूढ राहिले. ल्हुइडने आपल्या आडनावाचे इंग्रजी वळणाचे रूप सोडून वेल्श उच्चाराला जवळचे रूप मुद्दाम स्वीकारले होते. फुलाला लागले ते मात्र त्याने टाकलेले रूप. एकविसाव्या शतकात रेणूंच्या पातळीवर वनस्पतींची नाती तपासली गेली, तेव्हा लॉयडिया ही स्वतंत्र प्रजाती मानता येत नाही असे दिसून आले. ती ‘गेजिया’ ह्या प्रजातीत विलीन झाली. गेजिया हे नाव टॉमस गेज ह्या इंग्रज हौशी वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले आहे. आज फुलाचे शास्त्रीय नाव ‘गेजिया सेरोटिना’. ज्याने ते शोधले त्याचे नाव त्यातून गेले आहे. गंमत अशी की ज्या तर्काने ते गेले तो ल्हुइडचाच : बाह्य रूपावर न जाता अवयवांची पद्धतशीर तुलना करून नाते ठरवावे. त्याने हरकत घेतली नसती.

दुसरीकडे, २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने इंग्रजी मजकुरातही ‘स्नोडन’ आणि ‘स्नोडोनिया’ ह्यांऐवजी ‘अर् विद्वा’ आणि ‘एररी’ हीच नावे वापरण्याचे ठरवले. ल्हुइडने तीनशे वर्षांपूर्वी लॅटिन मजकुरात वेल्श कड्यांची नावे तशीच ठेवली होती. ती रीत आता डोंगराच्या मुख्य नावापर्यंत पोहोचली. फुलाचे ‘लिलिर विद्वा’ हे वेल्श नाव ह्या सर्व घडामोडींत बदललेले नाही.

आपण साहित्याचे लोक नोंदींवर फार विश्वास ठेवतो. सूची केली, कोश छापला, हस्तलिखिताची संहिता सिद्ध केली की एक गोष्ट वाचवली असे आपल्याला वाटते, आणि शब्दांच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. ल्हुइडच्या जळालेल्या टिपणांचे दुःख करावे ते ह्याचसाठी की ती वाचवणे अगदी शक्य होते. एक नकलकार पुरला असता. परंतु जिवंत वस्तूची नोंद ही तिच्या रक्षणाची सुरुवात असते, शेवट नव्हे, आणि कधी कधी तर नाशाचीही सुरुवात असते. बोली हीसुद्धा जिवंत वस्तूच आहे. तिचा कोश छापून तयार होतो त्या वर्षी ती बोलणारी किती माणसे उरली आहेत, आणि त्यांना ती बोलत राहावीशी वाटेल अशी परिस्थिती उरली आहे काय, हा प्रश्न कोशकाराने विचारला पाहिजे. कॉर्निशला व्याकरण उरले होते. स्नोडन लिलीला कपार उरली आहे. व्याकरणातून भाषा उभी करायला दोनशे वर्षे उशीर झाला तरी प्रयत्न करता आला. कपार एकदा तापली की तो अवकाश मिळणार नाही.